रत्नाच्या साक्षीचा अर्थ

जानेफळ, ता. मेहकर
१८ ऑगस्ट १९६४

सहा वर्षांनी पत्र लिहिते आहे. वर मायना काय घालावा ते सुचलं नाही, म्हणून ती ओळ कोरी सोडली. ‘तीर्थस्वरूप’ लिहायला हात धजत नाही, आणि ‘रा. रा.’ लिहावं तर तुम्ही काही शाळा तपासायला येणारे साहेब नाही. तुम्हाला जे बरं वाटेल ते तिथं लिहून घ्या. कादंबऱ्या लिहिता, तेवढं जमेलच.

तुमची ‘नऊ खुर्च्या’ गावात पोचली. भगवंतरावांनी वाचनालयासाठी दोन प्रती मागवल्या. लहानपणच्या दोस्ताचं पुस्तक, त्यांना केवढा आनंद. एक प्रत कपाटात कुलपात ठेवली आणि दुसरीला पोथीसारखं लाल फडकं गुंडाळलं. तेव्हा मी हसले होते.

झालं असं की, यंदा श्रावणातली पोथी सकाळीच आटोपून घेतात. दुपारी पावसाची झड, वावरात पाय टाकता येत नाही, माणसं रिकामी. भगवंतराव म्हणाले, गावच्या लेकानं लिहिलेलं पुस्तक आहे, दुपारी मारुतीच्या देवळात त्याचं वाचन करू. आता आपल्याकडे वाचन कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको. पोस्टमास्तर वामनराव चार ओळी वाचतात, थांबतात, आणि भगवंतराव अर्थ सांगतात. पोथीत ओवी असते, तिला अर्थ लागतो. तुमचं पुस्तक सरळ मराठीत आहे, त्याला अर्थ कशाला हवा? पण सवय. वाचणारा वाचतो, सांगणारा सांगतो, आणि माणसं सांगणाऱ्याचं ऐकून घरी जातात.

सुरुवातीला मजा आली. ज्यूरी म्हणजे काय हे कळण्यात एक दुपार गेली. आपल्या बुलढाण्याच्या कोर्टात ज्यूरी कुणी पाहिली आहे? भगवंतरावांनी सांगितलं की मुंबईत न्यायाधीशाच्या बाजूला नऊ पंच खुर्च्यांवर बसवायचे, गुन्हेगार कोण ते तेच ठरवायचे, आता ती पद्धतही गेली म्हणतात. तर इंद्रभान म्हणाला, “नऊ जन कामधंदा सोडून खुर्चीवर बसून राह्यले, मंग त्याईच्या वावरात कोन जाते?” ह्यावर बराच वाद झाला. तुम्हाला मुंबईच्या पेपरात अभिप्राय येतात म्हणे, म्हटलं इथलेही कळवावेत.

गिरणीमालकाचा तो दलाल पंचांना एकेक करून गाठतो, कुणाला भीती घालतो, कुणाच्या पोराला नोकरी लावतो, तो भाग लोकांना फार आवडला, पण पटला नाही. त्यांचं म्हणणं, पंच वळवायला इतका खटाटोप कशाला? त्याचा सासरा धरावा. सासऱ्याचा शब्द जावई मोडत नाही. बायकांचा राग पाचव्या पंचाच्या बायकोवर. नवऱ्यानं महागाचं लुगडं आणलं आणि हिनं कुठून आणलं ते विचारलं नाही. “अशी कोनती बाई असते?” असं अन्नपूर्णाबाईनं सगळ्यांदेखत विचारलं. अन्नपूर्णाबाई म्हणजे तुमच्या तालमीजवळ राहणारी म्हातारी, तुम्हाला आठवत असेल. रोज खांबाला टेकून बसते आणि तिला कळलं नाही तर पुढं वाचू देत नाही.

माझंही सांगते. आठवा पंच, तो टायपिस्ट, ज्याला निनावी चिठ्ठी येते आणि जो त्यानंतर घरात पायातल्या वहाणा काढायचंच विसरतो, ते प्रकरण मी कपाटातली प्रत मागून आणून चुलीपाशी उभ्यानं वाचलं. वरण करपलं.

मग रत्ना आली.

नायक वकील, त्याची बायको रत्ना. ती त्याच्याच अशिलाविरुद्ध साक्ष देते. बोलताना पदराला गाठ मारते. तिचं मूल बारशाच्या आधीच गेलेलं आहे. ती सोन्याच्या पाटल्या घेते आणि कोर्टात खोटं बोलते, पंच तिच्या डोळ्यातल्या पाण्याला भुलतात, निरपराध माणूस तुरुंगात जातो आणि बिचारा नायक देशोधडीला लागतो. साक्ष पुस्तकात बरीच पुढं आहे, पण हे सगळं तिच्या पहिल्याच पानावर आगाऊ सांगून टाकलेलं आहे. वामनराव ते वाचून थांबले आणि भगवंतरावांनी अर्थ सांगितला, “म्हणजे आपल्या कोकिळावहिनी.”

ते वाईट मनानं बोलले नाहीत. पोथीत कुंभकर्ण आला की ते गावातल्या कुणा झोपाळूचं नाव घेतात, लोक हसतात, त्यातलंच ते. पण ह्या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना वळवल्या आणि माझ्या हातांकडे पाहिलं. पाटल्या माझ्या आईच्या आहेत. लग्नात माझ्या हातात होत्या, तुम्ही पाहिल्या आहेत. आता मी त्या पदराखाली घेऊन बसते, आणि असं बसावं लागतं ह्याची मला चीड येते.

माझं मागणं एवढंच आहे. भगवंतरावांच्या नावानं एक ओळ पाठवा: रत्ना म्हणजे कोकिळा नव्हे, कोकिळा कोर्टात खरं बोलली. ते देवळात वाचून दाखवतील. बाकी तुमच्याकडून मला काही नको.

कोकिळा


२९ ऑगस्ट १९६४

तुमचं पाकीट मिळालं. जाड लागलं म्हणून आशा वाटली. आत कादंबरीची आणखी एक प्रत, ‘सौ. कोकिळेस सप्रेम भेट’, खाली सही आणि तारीख. ह्या गावात आता तीन प्रती झाल्या. शाळेत पाटीला पैसे नाहीत, पण ‘नऊ खुर्च्या’ तीन आहेत.

आणि पत्रात काय, तर लेखकानं खुलासे करायचे नसतात. पात्रं कल्पित असतात. वाचकाला मत बनवायची मोकळीक असावी. अहो, वाचक मोकळेच आहेत. मोकळे आहेत म्हणून तर विमलबाईनं आपल्या दोन्ही पोरी माझ्या वर्गातून काढल्या. तिला विचारलं तर खाली बघून म्हणते, “घरचे नाई म्हनतात, मी काय करू जी?” तिच्यामागून आणखी काहींनी काढल्या. सकाळी हजेरी घेते तेव्हा नाव पुकारायचं आणि कुणी ‘हजर’ म्हणायचं नाही, हे मला सहन होत नाही.

तुम्ही म्हणता कल्पित, तर मी घडलेलं लिहिते, तुम्हाला विसर पडला असेल म्हणून. मंजुळाबाईचा गोठा जळाला. बैलजोडी आत मेली, दोराला बांधलेली होती म्हणून. मी पहाटे पाण्याला चालले होते, चांगलं फटफटलं होतं, आणि किसनराव रॉकेलचा डबा घेऊन तिच्या कुंपणातून बाहेर येताना मी पाहिले. बांधाचा वाद होता त्यांचा, सगळ्या गावाला ठाऊक. मी पोलिसाला सांगितलं. किसनरावांनी वकीलपत्र तुम्हाला दिलं. तुम्ही आठवडाभर माझ्यामागे लागलात, कोकिळे, म्हण की अंधार होता, चेहरा दिसला नाही. मी म्हटलं नाही. किसनराव आत गेले. तुम्ही पुस्तकं बांधलीत आणि मेहकरच्या स्टँडवर चार लोकांना सांगितलंत की बायकोनं माझी वकिली बुडवली. मला त्या दिवशी कोर्टात काय काय विचारलं ते मी लिहीत नाही.

आता किसनराव सुटून आलेले आहेत. जन्मात कधी पोथीला आले नाहीत, पण तुमच्या कादंबरीला पहिल्या रांगेत मांडी घालून बसतात. कुणी काही विचारलं की म्हणतात, “वकीलसाहेबाच्या घरातलं वकीलसाहेबालेच ठाऊक. त्यायनं छापून देल्लं. आता मी काय बोलाव?” खरंच त्यांना बोलावं लागत नाही. तुमच्या पुस्तकातला दलाल बिचारा नऊ माणसांच्या दारात चपला झिजवतो. तुम्ही मुंबईत बसून आख्खं गाव वळवलंत, आणि तेही पोस्टानं.

शाळा समिती किसनरावांच्या शब्दाबाहेर नाही. त्यांनी ठराव तयार ठेवला आहे: ज्या बाईला तिच्या नवऱ्यानंच खोटी म्हणून जाहीर केलं, तिनं मुलींना शिकवू नये, जिल्हा परिषदेनं तिची बदली करावी. वाचनाची समाप्ती झाली की ठराव येणार. मधेच आणता येत नाही, कारण लाल फडक्यात बांधून बसवलेलं वाचन अर्ध्यात मोडलं तर अशुभ, असं किसनरावांच्याच आईचं म्हणणं आहे. हसू नका.

मला बदलीचं दुःख नाही. जिल्ह्याच्या पार टोकाला, सोनाळ्याला टाकलं तरी मी शिकवीन. पण ह्या वर्गातल्या मुली पहिलीपासून माझ्या हाताखाली आहेत, यंदा त्या चौथीला बसतात, त्यांच्या आया माझ्या शब्दावर त्यांना निंदायला न नेता शाळेत पाठवत होत्या. खोटी म्हणून गाव सोडलं तर माझ्यामागे ह्यातली एकही पोट्टी पाचवीला जाणार नाही. म्हणतील, ती मास्तरीण शिकली होती, तिनं काय दिवे लावले.

आणि पुस्तक चांगलं आहे हाच तर संताप आहे. भिकार असतं तर लोक दुसऱ्या दुपारी उठून गेले असते. मी स्वतः तीनदा वाचलं. एकदा रागानं, एकदा चुका काढायला. तिसऱ्यांदा कशाला ते सांगायची गरज नाही.

एक ओळ मागितली होती. अजूनही तेवढीच मागते.

कोकिळा


८ सप्टेंबर १९६४

तुमचं उत्तर नाही. पोळा झाला. मंजुळाबाईनं यंदाही दारात मातीचेच बैल पुजले.

आता काय झालं ते लिहिते. तुम्हाला कळवायची मला बांधिलकी नाही, पण पुस्तक तुमचं आहे.

वाचन रत्नाच्या साक्षीपर्यंत आलं. देऊळ भरलेलं, बायका पार घंटेच्या खांबापर्यंत. वामनरावांनी ‘उलटतपासणी’ असा शब्द वाचला आणि थांबले. भगवंतराव म्हणाले, उलटतपासणी म्हणजे साक्षीदाराला घरी पाठवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारतात, दोन्ही वेळा सारखं बोलला तर खरा. त्यांनी मनानंच ठोकून दिलं. अन्नपूर्णाबाईला ते पटलं नाही. म्हणाली, “तुमी कधी उभे राह्यले होते काय जी कोर्टात?” भगवंतराव म्हणाले, नाही. “मंग तुमाले काय ठाऊक? जे उभी राह्यली थे मांगं बसेल हाये. तिले सांगू द्या.”

किसनराव उसळले. “जिच्यावर लिहेल हाये, तेच अर्थ सांगीन? हा कोनता न्याय?”

म्हातारी म्हणाली, “तू बी तं समोर बसून आयकूनच राह्यला ना बे.”

लोक हसले. भगवंतराव उठले, आपला पाट मोकळा केला आणि म्हणाले, “वहिनी, या.” ह्या देवळात बाईनं अर्थ सांगितलेला मी तरी कधी पाहिला नाही. मी उठून पुढं गेले.

पाटावर बसण्याआधी मी मनाशी एक ठरवलं. पुस्तकात आहे त्याच्या बाहेर एक शब्द बोलायचा नाही. मला संधी होती, तोंड उघडून सगळं ओकता आलं असतं. पण मग किसनराव म्हणाले असते, बाई आपली बाजू मांडते. म्हणून वामनरावांनी वाचलं ‘रत्नाने पाटल्या घेतल्या होत्या’, तर मी सांगितलं, रत्नानं पाटल्या घेतल्या होत्या. वाचलं ‘ती खोटे बोलत होती’, मी सांगितलं, ती खोटं बोलत होती. किसनराव मिशीवर हात फिरवू लागले.

उलटतपासणीही सांगितली. म्हटलं, साक्षीदार जे बोलला ते लटकं पाडायला समोरचा वकील प्रश्न विचारतो. प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं असतं. मधे रडू आलं तर पाणी देतात, पण प्रश्न तोच राहतो. हे म्हणजे शब्दाचा अर्थ झाला, त्यात माझं काही नाही.

मग तो प्रश्न आला. नायकाच्या बाजूचे थोरले वकील उठतात आणि रत्नाला विचारतात, “मूल गेल्यावर बंद खोलीत तुम्ही कितीतरी दिवस रिकामा पाळणा हलवीत होतात, हे खरे ना? म्हणजे नसलेले दिसण्याची तुम्हाला सवयच आहे?” मुंबईच्या कुठल्या तरी पेपरानं ह्या प्रश्नाला कादंबरीचं शिखर म्हटलं आहे, भगवंतरावांनी ते कात्रण वाचनालयात लावलं आहे. वामनरावांना तो नीट वाचवेना.

तुम्ही तो जसाच्या तसा उतरवला आहे. एक शब्द इकडचा तिकडे नाही. बुलढाण्याला तुम्ही किसनरावांसाठी आणलेल्या थोरल्या वकीलसाहेबांनी तो मला विचारला तेव्हा तुम्ही त्यांच्याच शेजारी बसून कागद चाळत होतात.

मी अर्थ सांगितला. वकिलाचं म्हणणं असं की ह्या बाईला नसलेलं दिसतं, तेव्हा तिनं पाहिलेलं धरू नका. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही.

मग अन्नपूर्णाबाईनं विचारलं, “त्या वकिलाले हे सांगतलं कोनं?”

मी म्हटलं, “पुस्तकात लिहिलेलं नाही.”

“तिची आई होती काय घरात?”

“नाही.”

“शेजारपाजार?”

“पुस्तकात दार लावलेलं आहे.”

“मंग दाराच्या आत कोन कोन होतं, थे सांगा.”

“रत्ना आणि तिचा नवरा,” मी म्हटलं. पुस्तकात तेवढंच आहे, म्हणून तेवढंच सांगितलं.

म्हातारी खांबापासून पुढं सरकून बसली. तिला राग आलेला होता, पण आवाज चढवला नाही. म्हणाली, “म्हंजे नवऱ्यानंच देल्लं. बायको पाळना हालवते हे त्यानं पायलं, अन् जाऊन वकिलाच्या हाती देल्लं, का घ्या, हे इचारा तिले. अन् आता थोच मानूस म्हनते का बायकोनं पाटल्या घेतल्या. त्याचं आपुन काऊन खरं मानाव?”

इंद्रभान म्हणाला, “पन छापेल हाये ना आजी.”

“थे बी छापेलच हाये ना,” म्हातारी म्हणाली.

विमलबाई रडत होती. तिचंही पहिलं लेकरू गेलेलं आहे, तुम्हाला माहीत नसेल. वामनरावांनी पुस्तक मिटून फडकं गुंडाळलं, वेळ झाली नव्हती तरी. भगवंतराव देवळाबाहेर मला भेटले, त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. म्हणाले, “वहिनी, शालिग्रामनं हे केलं? मी तर म्हणत होतो, त्या साहेबांनी चौकशी करून काढलं असेल.” मी म्हटलं, “मी काही बोलले नाही. पुस्तकात काय आहे ते सांगितलं.”

सहा वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या आईलासुद्धा नाही. कोर्टात ज्यांनी ऐकलं त्यांना वाटलं मोठे वकील, त्यांना सगळं कळतं. तुमची अब्रू झाकायला नव्हते गप्प राहिले. ते तोंडून काढवत नव्हतं. तुम्ही छापलंत, आणि छापताना तुमच्या लक्षात आलं नाही की हा प्रश्न कुणाच्या खिशातून आला ते माणसं विचारतील. मुंबईत कुणी विचारलं नसेल. मला आश्चर्य वाटत नाही. तिथं अर्थ सांगायची पद्धत नसेल.

कोकिळा


१५ सप्टेंबर १९६४

समाप्ती झाली. शेवटच्या प्रकरणात स्टेशनावर तुमचा नायक रत्नाला उदार मनानं क्षमा करतो. तिथं बायका उठून प्रसादाचं बघायला गेल्या. शेवट कुणी नीट ऐकला नाही, तेव्हा त्यावर अभिप्राय नाही.

शाळा समितीची बैठक चावडीत होती. ज्या बायकांनी मुली काढल्या होत्या त्याच मुलींना हाताला धरून बाहेर ओट्यावर येऊन बसल्या, कुणी न बोलावता. किसनरावांनी ठराव वाचला. अनुमोदन द्यायला कुणी हात वर केला नाही. सगळे तंबाखू मळत बसले. किसनरावांनी कागद घडी करून खिशात घातला आणि पावसाचं बोलायला लागले. सकाळी हजेरीला सगळ्या होत्या.

समाप्तीनंतर तुम्हाला गावात बोलावून सत्कार करायचं भगवंतरावांनी ठरवलं होतं, त्याचा नारळ आणि शाल त्यांनी आधीच आणून ठेवलेली आहे. त्यांनी मला विचारलं, आता काय करू. मी म्हटलं, करा की. बोलावलंय तर येऊ द्या. अन्नपूर्णाबाईला तुम्हाला काही विचारायचं आहे. हे मी तुम्हाला आगाऊ कळवते आहे, नंतर म्हणू नका सांगितलं नाही.

कोकिळा


११ ऑक्टोबर १९६४

तुमची तार भगवंतरावांना मिळाली. प्रकृती बरी नाही, येणं होणार नाही. मला नवल वाटलं नाही. शाल त्यांनी वाचनालयाच्या म्हाताऱ्या शिपायाला दिली, थंडी येतेच आहे.

मागोमाग तुमचं मला पत्र आलं. ह्या वेळी वर तुम्ही ‘प्रिय कोकिळा’ लिहिलं आहे. ते दोनदा वाचलं. मग पुढचं वाचलं.

तुम्ही लिहिता की दुसरी आवृत्ती छपाईला जाते आहे, माझ्या पत्रांवर तुम्ही खूप विचार केला, तुम्हाला फार यातना झाल्या, आणि म्हणून तुम्ही त्यातून तो प्रश्न काढून टाकता आहात. साक्षीचं प्रकरण त्यामुळे सुटसुटीतही होईल. माझ्या मनाला त्या ओळींचा त्रास होऊ नये एवढीच तुमची इच्छा.

मी पत्र उलटंपालटं करून पाहिलं. रत्ना पाटल्या घेते ते काढणार आहात का? नाही. ती खोटं बोलते ते? त्याबद्दल अक्षर नाही. स्टेशनावरची क्षमा तशीच. फक्त पाळण्याचा प्रश्न काढणार, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत कुणी म्हातारी विचारणार नाही की वकिलाला हे कुणी सांगितलं. आणि हे सगळं माझ्या मनाला त्रास होऊ नये म्हणून. तुम्ही वकिली सोडली असं लोक म्हणतात, मला नाही वाटत.

हे वाचून मी रागानं लगेच उत्तर लिहायला बसले होते. चार ओळी लिहून फाडल्या. आता जे लिहिते ते रागात नाही, तेव्हा नीट वाचा.

तो प्रश्न काढू नका.

ती मुलगी होती. बारसं व्हायच्या आत गेली, नाव ठेवायचं राहून गेलं. जन्माची नोंद करायला तुम्ही उद्या जाऊ, उद्या जाऊ म्हणत राहिलात, आणि मग नोंद करण्यासारखं काही उरलं नाही. फोटो नाही. तिची कुंची मी तिच्यासोबतच दिली. तिला डोळ्यांनी पाहिलेली माणसं मोजकी, त्यातल्या सुईणबाई गेल्या, तुमची आई गेली. पाळणा चार वर्षांमागे एका बाळंतिणीला दिला, आता त्यात तिचं तिसरं झोपतं.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, तुमचं पुस्तक मी तिसऱ्यांदा का उघडलं. त्या एका पानासाठी. कुणी कशाही हेतूनं लिहिलं असो, आपली मुलगी होती असं ह्या जगात फक्त तिथं छापलेलं आहे. मूल, बंद खोली, पाळणा. वामनरावांनी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा भरल्या देवळात ती पहिल्यांदाच सगळ्यांसमोर आली. मला फार लागलं, आणि बरंही वाटलं.

रत्नाला खोटी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणत राहा. किती आवृत्त्या काढायच्या तेवढ्या काढा, त्याचा अर्थ सांगायला मी इथं आहे. पण पाळणा आहे तिथं राहू द्या.

कोकिळा